गेटच्या आतली मोजणी

मे महिन्यात मोजणीला जायचं तर सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही, हे ज्योत्स्ना पहिल्याच आठवड्यात शिकली. रानात आडोसा नसतो. बांधावर बाप्यांचा घोळका उभा असतो, निम्मा अर्जदाराच्या बाजूचा, निम्मा लगतवाल्याचा, आणि त्या सगळ्यांत बाईमाणूस ती एकटी. मग दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटायची, डोकं ठणकायचं. खांद्यावर तिपाईच्या पट्ट्याचा वळ उठायचा. तरी मोजणीच्या यंत्राची काठी सरळ धरायची, काठीवरच्या काचेतला बुडबुडा गोलाच्या मधोमध आणायचा आणि साहेब "झालं" म्हणेपर्यंत हलायचं नाही.

तिनं आयटीआयला सर्वेअरचा ट्रेड घेतला तो काही हौसेनं नाही. बाकीच्या ट्रेडच्या जागा भरल्या होत्या, ह्यात एक उरली होती. पण हात बसला. परीक्षा दिली, निवड झाली, आणि यंदाच्या हिवाळ्यापासून ती तालुक्याच्या मोजणी ऑफिसात शिकाऊ भूकरमापक होती. तिकोने साहेब तिला शिकवायचे. पन्नाशी उलटलेला, गुडघ्यानं लंगडणारा, रागीट माणूस. मोजणीच्या ठिकाणी कुणी चहा आणला तर ते दोन्ही बाजूंचा घ्यायचे नाहीत तर कुणाचाच नाही.

"ही पोरगी मोजनार व्हय आमची जमीन?" बांधावरून कुणीतरी हमखास म्हणायचं.

"ती धरते, मी मोजतो. पुढच्या वर्षी ती मोजेल," तिकोने म्हणायचे आणि तिच्याकडे वळून हळूच सांगायचे, "काम संपल्यावर दोन्ही बाजूंना आपण चोर वाटलो पाहिजे. एकाच बाजूला वाटलो तर परत तपासायचं."

त्या दिवशी ती नाणे मावळातली मोजणी करून घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. टाकव्याला जीपमधून उतरून आंदर मावळाच्या रस्त्यानं वर चालत यायचं, मग डाव्या हाताला पांढरी भिंत लागायची. भिंतीच्या आत पुण्याच्या शेठचा बंगला, हिरवळ, झोपाळे, आणि पार मागच्या टोकाला दोन पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांत ज्योत्स्नाचं घर. बाप कैलास बंगल्याचा वॉचमन आणि माळी, आई सविता पाहुणे आले की स्वयंपाकाला. यांची स्वतःची जमीन नवलाख उंबऱ्याला होती, ती कारखान्यांच्या वसाहतीत गेली. कैलासनं मग कंपनीत प्रेसवर काम केलं, त्यात एक कान गेला, कंत्राट संपलं आणि तो इथं आला. येण्याजाण्याला गेट एकच. त्याची किल्ली कैलासच्या कमरेला.

गेटच्या आत प्रितमची गाडी उभी होती. प्रितम लोणावळ्याचा. चार-पाच शेठ लोकांचे बंगले सांभाळायचा. खोल्यांपुढच्या अंगणात तो खुर्ची टाकून बसला होता आणि कैलास त्याच्यासमोर उभा होता.

"या मॅडम," प्रितम म्हणाला. "आता मॅडमच म्हणायला पाहिजे. बहिरूनं अर्ज टाकलाय. वरच्या ठाकरवाडीतला बहिरू. त्याचं म्हणणं, त्याचं भाताचं खाचर आपल्या भिंतीत आलंय. तुमच्याच साहेबांकडे आहे मोजणी. नोटीस आली."

ज्योत्स्नानं पाठीवरची पिशवी काढली.

"मी काही वाकडं करायला सांगत नाही," प्रितम पुढे म्हणाला. "साहेबांच्या कानावर घालायचं, मालक बाहेरगावी आहेत, आत कुत्री मोकळी असतात, दिवाळीनंतर घ्या. एवढंच. दिवाळीनंतर आम्ही स्वतः उभे राहू मोजणीला."

"तोवर तिथं पोहायचा तलाव झालेला असेल," ज्योत्स्ना म्हणाली. हिरवळीच्या मागच्या कोपऱ्यात आखणी झालेली तिनं पाहिली होती. जेसीबी येत्या आठवड्यात यायचा होता.

प्रितम हसला. "तुमच्या वडिलांचं वय काय आता? या वयात दुसरीकडे कोण ठेवतं? शेठनं राहायला खोल्या दिल्या, पाणी दिलं, वीज दिली. माणसानं जरा इकडंतिकडं बघून चालावं. कैलास, खुर्ची आत घे."

कैलासनं खुर्ची उचलली आणि प्रितमची गाडी बाहेर जाईपर्यंत ती हातातच धरून गेटपाशी उभा राहिला.

गेट लावून परत आल्यावर तो उंबऱ्यावर बसला. आत सविता भाकरी थापत होती.

"बहिरूची जमीन आत हाय, हे मला ठाव न्हाई व्हय?" तो म्हणाला. "भिंत घातली तवा मीच पानी मारलं तिच्यावर. सकाळ-सांज. बहिरू रोज यायचा, पल्याडनं बघत उभा ऱ्हायाचा. एक दिस म्हनला, कैलास, माझा भाताचा राब हितं भाजायचो मी. मी म्हनलं, जा बाबा, शेठला जाऊन भेट. काठी आपटली मी त्याच्यापुढं. काय करनार?"

"आण्णा, मी साहेबांना सांगणार आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "माझं घर आत आहे म्हणून. न सांगता गेले तर उद्या तेच माझ्यावर येईल."

"सांग. आन् रजा टाक. तू त्या दिशी येऊच नगंस. शेठचा हुकूम आलाय, गेट उघडायचं न्हाई. तुझ्यासमोर मला गेट लावाया लावू नगंस, ज्योसना."

सवितानं भाकरी तव्यावर टाकली. "खोल्या गेल्या तर कुटं जायाचं, ते बोला की आदी," ती म्हणाली. भाकरी फुगली, करपली, तरी सविता ती उलटायची विसरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिकोने साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रोव्हरच्या, म्हणजे मोजणीच्या यंत्राच्या, बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते.

"त्या जमिनीत तुझा हिस्सा?"

"नाही."

"अर्जदाराशी नातं?"

"नाही, सर. पण आम्ही राहतो तिथं. वडील त्यांच्याकडे कामाला आहेत."

"वरती कळवून ठेवतो मी." त्यांनी गुडघा चोळला. "यंत्राला हात लावायचा नाहीस तू त्या दिवशी. काठी अर्जदाराचा माणूस धरेल. तू फक्त लिहायचं, मी सांगेन ते. रजा पाहिजे असेल तर घे, मी विचारणार नाही. पण तू याच तालुक्यातली. आज हे निघालं, उद्या मामाच्या गावचं निघेल, परवा मैत्रिणीच्या सासरचं. किती रजा घेशील, ते तुझं तू बघ."

तिनं रजा घ्यायचं ठरवलंच होतं. अर्ज लिहायला म्हणून कागदही घेतला. मग वाटलं, उद्या देऊ.

संध्याकाळी टाकव्याच्या स्टँडवर बहिरूची बायको बाया भेटली. पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं लावून विकायला बसली होती. पाटी बरीचशी रिकामी झाली होती. ज्योत्स्नाला बघून तिनं पदर सारखा केला. आता गळ घालणार, असं ज्योत्स्नाला वाटलं. म्हणून ती घाईनं पुढं जायला लागली.

"ज्योसनाबाय," बायानं हाक मारली. "येक इचारायचं व्हतं. मोजनीचे सायेब येनार, त्यान्ला पानी कसं द्यायचं? आमच्या हातचं पित्यात का? का बाटली इकत आनून ठिवायची?"

"पितात मावशी. सगळ्यांच्या हातचं पितात."

"न्हाई, बंगलेवाल्यांनी मागं आनलेला मोजनीवाला बंगल्यात जेवला. आमी हंडा भरून भिताडाबाहेर बसलो व्हतो. त्यानं आमच्याकडं बघितलं बी न्हाई. मंग वाटलं, आमचं काय चुकलं." एवढं बोलून तिनं एक द्रोण उचलला आणि ज्योत्स्नापुढे धरला. ज्योत्स्नाचा हात पुढे झाला आणि थांबला. ती मोजणी खात्यातली होती आणि बाया अर्जदाराची बायको.

"मोजणी होऊ दे मावशी, मग खाईन," ती म्हणाली. बायाला ते नीट कळलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं द्रोण परत पाटीत ठेवला आणि त्याच्यावर पान झाकलं.

रजेचा अर्ज लिहायचा राहिला. ज्योत्स्ना तो विसरली होती असं मात्र नाही.

मोजणीच्या दिवशी सकाळी तिला बाहेर सोडायला कैलासनं गेट उघडलं. खाकी शर्ट घातला होता, हातात काठी. "हापिसात चाललीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"हितं येनार?"

"हो, आण्णा."

त्यानं मान हलवली. ती बाहेर पडली आणि मागं कडी सरकल्याचा, कुलूप लागल्याचा आवाज तिला ऐकू आला.

ऊन तापायला लागलं तेव्हा ऑफिसची जीप परत त्याच चढाला लागली. पुढे तिकोने, मागे यंत्रं घेऊन ज्योत्स्ना. वाडीच्या वाटेवर बहिरू, बाया आणि बहिरूचा भाचा लखन उभे होते. लखनच्या खांद्यावर पहार, हातात चुन्याची बादली. बहिरूनं धुतलेला पांढरा सदरा घातला होता, त्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. गावचे पोलीस पाटीलही आले होते.

तिकोने आधी गेटकडे गेलेच नाहीत. वरच्या अंगाला, जिथं तीन गावांच्या शिवा मिळतात, तिथल्या दगडापासून त्यांनी सुरुवात केली. मग करवंदीच्या जाळ्यांतून खाली खाली. लखन पहारीनं जाळी दाबून धरायचा, तिकोने वाकून दगड शोधायचे, लंगडत पुढे जायचे. ज्योत्स्ना मागून आकडे लिहीत होती. घामानं कागदाला बोटं चिकटत होती. काट्यानं तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडा गेला, त्यावर घाम झोंबायला लागला. दगड सापडला की बहिरू खाली बसायचा, हातानं त्याच्यावरची माती झाडायचा आणि उठायचा.

वरचे कोपरे जुळले. खालच्या बाजूला मात्र यंत्र भिंतीपाशी येऊन थांबलं. पुढची खूण भिंतीच्या आत होती. चांगली आत.

"चला," तिकोने म्हणाले आणि सगळे गेटकडे गेले.

गेटच्या गजांमागे कैलास उभा होता. त्याच्यामागे साखळीला बांधलेली दोन कुत्री भुंकत होती. हिरवळीवर झोपाळ्यात प्रितम बसला होता, तो जागचा उठला नाही.

"सरकारी मोजणी आहे. नोटीस दिलेली आहे. गेट उघडा," तिकोने म्हणाले.

"हुकूम न्हाई, सायेब."

"कुणाचा हुकूम नाही?"

"मालकाचा."

कैलासची नजर तिकोन्यांच्या शर्टाच्या बटणांवर होती. ज्योत्स्ना त्याच्यापासून दोन हातांवर होती, पण त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पोलीस पाटलांनी खाकरून इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. गाव लहान. कोण कुणाची लेक, सगळ्यांना ठाऊक होतं.

तिकोने प्रितमकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "मालकांच्या वतीनं कोण आहे इथं?"

"मी पाहुणा आहे," प्रितम झोपाळ्यातूनच म्हणाला. "मला काय विचारताय?"

तिकोन्यांचा गुडघा दुखत असावा, त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मग ज्योत्स्नाला म्हणाले, "कागद घे. अडथळ्याचा पंचनामा."

बहिरू मटकन खाली बसला. पंचनामा झाला की मोजणीवाले परत जाणार. मग पोलीस बंदोबस्त मागायचा, त्याची तारीख पावसाळ्याच्या पल्याड. तोवर खाचरात तलाव. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिकोने सांगत गेले, ज्योत्स्ना लिहीत गेली. आज रोजी पंचांसमक्ष, सदर गटाची मोजणी करण्यास गेलो असता, गेटला कुलूप लावून आत येण्यास मज्जाव करण्यात आला. मज्जाव करणाऱ्या इसमाचे नाव...

तिकोने थांबले. ज्योत्स्नाचं पेन थांबलं.

"याचं पुढं काय होतं, सर?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"पोलिसात जाईल. सरकारी काम अडवलं म्हणून." त्यांचाही आवाज खाली आला होता. "मी विचारतो त्यांना. तू लिही." ते गजांजवळ गेले. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

कैलासनं पहिल्यांदा ज्योत्स्नाकडे पाहिलं. तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. त्याला एका कानानं ऐकू यायचं नाही, म्हणून त्याचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा.

"शेठ, कैलास बोलतो. मोजनीवाले आल्यात. गेट लावलंय म्या. पन ते लिवून घेत्यात. अडवनाऱ्याचं नाव मागत्यात. पोलिसात जानार हाय म्हनं. कुनाचं नाव सांगू? तुमचं सांगू का परितमसायबाचं?"

पलीकडून पंख्याचा की गाडीचा आवाज आला. मग शेठ म्हणाला, "गेटवर कोण उभा आहे? तूच ना? मग तुझंच नाव सांग. आम्हाला कशाला मध्ये घेतोस? मी बघतो नंतर."

"नंतर म्हंजी कदी, शेठ?"

फोन बंद झाला होता.

हे सगळ्यांनी ऐकलं. बहिरूनं ऐकलं, पाटलांनी ऐकलं. भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी मागच्या खोलीतून पळत आलेल्या सवितानंही ऐकलं. कैलासनं फोनकडे पाहिलं, तो परत खिशात ठेवला. काठी भिंतीला टेकवून उभी केली. मग कमरेची किल्ली सोडवायला लागला. गाठ सुटेना. सविता पुढे झाली आणि तिनं गाठ सोडवली.

"ए कैलास!" प्रितम झोपाळ्यातून उठला. "काय करतोस?"

"तुमी पावनं ना?" कैलास म्हणाला. "बसा की."

त्यानं कुलूप काढलं आणि दोन्ही फाटकं उघडली. एक उघडलं असतं तरी भागलं असतं. मग तो कुत्र्यांच्या साखळ्या धरून बाजूला उभा राहिला.

बहिरू आत आला तो हिरवळीच्या काठावरच थांबला. तो अनवाणी होता. त्या मऊ, कापलेल्या गवतावर पाय द्यावा की देऊ नये, हे त्याला उमगेना. "या की," तिकोने म्हणाले तेव्हा त्यानं आधी पावलं एकमेकांवर घासून पुसली.

खुणा पडत गेल्या. लखन पहारीनं भोक पाडायचा, खुंटी ठोकायचा, भोवती चुना टाकायचा. झोपाळ्याच्या पल्याड एक, तलावाच्या आखणीच्या अल्याड एक. तलाव अख्खा बहिरूच्या गटात पडत होता. प्रितम फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. शेवटच्या दोन खुणांच्या मधे मात्र पत्र्याच्या खोल्या आल्या. एक खूण खोल्यांच्या अलीकडे, एक पलीकडे, भिंतीला लागून.

"पत्र्याखाली हे यंत्र काम करत नाही," तिकोने ज्योत्स्नाला म्हणाले, जणू हा नेहमीचाच धडा होता. "अशा वेळी काय करायचं?"

"दोन्ही खुणांना दोरी बांधायची, सर. दारातून आणि खिडकीतून ओढून घ्यायची."

"मग?"

ती दारापाशी गेली. उंबऱ्यात सविता उभी होती.

"आई, आतून दोरी न्यायचीय."

सविता तिच्याकडे बघत राहिली. मग ती बाजूला झाली. "या सायेब," ती तिकोन्यांना म्हणाली. "जरा वाकून या, चौकट ठेंगणी हाय."

दोरी दारातून आत आली, पलंगाच्या पायथ्यावरून गेली, शेगडीच्या वरून, ताटाळ्याच्या खालून, खिडकीबाहेर पडली. लखननं पलीकडून ती ताणली तशी ती हवेत थरथरली आणि स्थिर झाली. सवितानं शेगडीवरचा भाताचा टोप उचलून खाली ठेवला, दोरीला लागू नये म्हणून. स्वयंपाकाची निम्मी खोली ह्या बाजूला, निम्मी त्या. ज्योत्स्नानं अंतर लिहिलं. लिहिताना अक्षर हललं नाही, याचं तिला मागाहून नवल वाटलं.

जबाबावर बहिरूनं सही केली, एकेक अक्षर जोडून. पाटलांनी केली. प्रितमनं सही करायला नकार दिला. "नकार लिही," तिकोने म्हणाले आणि ज्योत्स्नानं नकार लिहिला. बाया हंडा आणि पेला घेऊन आली होती. तिकोने आधी हातानंच नाही म्हणाले, मग त्यांनी सविताकडे पाहिलं, "तुम्हीही द्या एक पेला," म्हणाले, आणि दोघींच्या हातचं पाणी उभ्याउभ्या प्याले.

जीप सुरू व्हायच्या आत प्रितम कैलासपाशी आला.

"उद्या सकाळी खोल्या मोकळ्या पाहिजेत. शेठचा निरोप आहे. किल्ली दे."

कैलासनं किल्ली दिली. जिथं उभा होता तिथंच खाली बसला, हिरवळीच्या कडेला, आणि गवतातलं तण उपटायला लागला. सवय होती हाताला.

बहिरू जायला निघाला होता, तो परत फिरला. थोडं अंतर ठेवून उकिडवा बसला.

"कैलास, तुझी निम्मी चूल माझ्याकडं आलीया," तो म्हणाला. हसावं की नाही हे ठरवता येत नव्हतं अशा तोंडानं म्हणाला.

"आलीया खरी."

"मंग वर चल. पडवी रिकामी हाय माझी. टाकव्यात खोली बघूस्तवर ऱ्हावा."

कैलासनं मान वर केली नाही. "बहिरू, तुझ्यापुढं काठी आपटली व्हती म्या. हितंच."

"आपटली व्हतीस. तू आपटलीस, मी गेलो." बहिरूनं गवताची एक काडी उपटली. "आता भांडी कवा हालवायची ते सांग. लखन हाय, पाटी हाय. उजेड हाय तोवर नेऊ."

मराठ्याच्या घरानं ठाकराच्या पडवीत संसार मांडायचा, उद्या टाकव्यात चारचौघं काय म्हणतील, हे सगळं कैलासच्या तोंडावर दिसत होतं. दारातून सविताचा आवाज आला, "ज्योसना, तो वरचा डबा काढ गं. आन् ताटं चादरीत बांद." ठरलं होतं तिचं.

ज्योत्स्ना आत गेली. डबा काढला. ताटं बांधली. मग गाठ मारताना थांबली.

"आई, मी वाडीत नाही येऊ शकत."

"का?"

"बहिरूमामा अर्जदार आहे. नकाशा निघायचाय अजून. ज्याची मोजणी केली त्याच्या घरात मी राहिले असं कुणी म्हटलं तर सगळी मोजणी खोटी ठरवतील. प्रितम तेच शोधत असेल."

"मंग आमी जातो ते?"

"तुम्ही जा. तुम्हाला कुणी विचारू शकत नाही. मी तळेगावला अनघाकडे जाते. माझ्याबरोबर शिकायला होती ती. खोली घेऊन राहते."

सविता चादरीच्या गाठीकडे बघत बसली. "म्हंजी घर गेलं आन् लेकबी गेली," ती म्हणाली. मग स्वतःच उठली, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून ज्योत्स्नाचे कपडे काढले आणि एकेक झटकून पिशवीत भरू लागली. टॉवेल भरला, कंगवा भरला. दोन भाकऱ्या फडक्यात बांधून वर ठेवल्या. ज्योत्स्नानं तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ घामानं भिजलेली होती आणि आतून हलत होती.

तिकोने साहेब जीपमध्ये बसण्यापूर्वी तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर केलंस," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं असावं, पण ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. कुसूरच्या बाजूला मोठा बंगला आहे, भावकीचा वाद. उद्या काठी तू धरायची. मी पुढं होतो, तू तुझं आवरून ये."

जीप गेली. वाडीच्या वाटेवर लखन डोक्यावर पाटी घेऊन चढत होता, त्याच्यामागे बाया, तिच्या कडेला सविताचा पाण्याचा हंडा. कैलासनं ज्योत्स्नाची पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. खाकी शर्ट त्यानं काढला होता. आतल्या बनियनवर तो लहान दिसत होता. लांब दिसणाऱ्या धरणाच्या पाण्यावर उन्हाची शेवटची तिरीप होती. खालच्या वळणावर टाकव्याकडे जाणारी भाड्याची जीप यायची वाट बघत दोघं उभे राहिले.

"आण्णा, मी नाव लिहिलं असतं तुमचं," ज्योत्स्ना म्हणाली. तिला ते सांगितल्याशिवाय जाता येईना. "तुम्ही गेट उघडलं नसतं तर लिहिलं असतं."

"ठाव हाय. म्हनून तर उघडलं." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुझ्या हातनं लिवून घ्यायचं नव्हतं मला."

वरून जीप खाली उतरताना दिसली. कैलासनं हात करून ती थांबवली. आत दाटी होती. त्यानं ड्रायव्हरला सांगून मागच्या बाकावर बायकांच्या बाजूला जागा करून घेतली, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि दाराला धरून वाकला.

"उद्या कुटं म्हनलीस?"

"कुसूरकडे. तिथंही बंगला आहे."

"मंग तितंबी गेटवर कुनाचा तरी बाप असंल," कैलास म्हणाला. "त्याच्याशी जरा दमानं बोल."

ती मान हलवत असतानाच जीप सुटली.